भागाला ३०० डाउनलोड असलेल्या पॉडकास्टमधून पैसे कसे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांत २६ भाग झाले, भागाला साधारण ३०० डाउनलोड येतात, नोकरी सांभाळून हे सगळं चाललंय आणि आता जाहिराती कधी आणि कशा मिळतील ते हवंय. सहा वर्षांपूर्वी मीही याच क्रमाने विचार करत होते: आधी डाउनलोड वाढतील, मग जाहिरात येईल, मग पैसे. माझा पॉडकास्ट स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. आईला सांभाळताना जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते दुसऱ्या कुणाला तरी वेळेवर कळावं, म्हणून सुरू केला. आज भागाला ९०० च्या आसपास डाउनलोड होतात. मोठा कार्यक्रम नाहीच हा. तरी गेली तीन वर्षं घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार त्यावर आहे आणि नोकरी मी आठवड्यातून तीनच दिवस करते. या कमाईत जाहिरातींचा वाटा सगळ्यात लहान आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जाहिरातीचा हिशेब. जाहिरातीचा दर हजार डाउनलोडमागे ठरतो. इंग्रजी पॉडकास्टांच्या बाजारात, निवेदकाने स्वतःच्या आवाजात वाचलेल्या अर्ध्या-एक मिनिटाच्या जाहिरातीला हजारामागे साधारण १५ ते ३० डॉलर असा भाव चालतो. आपण २५ धरू. ३०० डाउनलोडचे झाले साडेसात डॉलर. मध्ये एखादी एजन्सी असली तर तिचं कमिशन जाऊन हातात त्याहून कमी. आता एका भागामागे तुमचे किती तास जातात ते मोजा. विषय शोधण्यापासून भाग चढवेपर्यंत माझे अकरा-बारा तास जातात. डाउनलोड दहापट झाले तरी या दराने तुमच्या तासांचे पैसे निघायचे नाहीत, आणि दहापट व्हायला किती वर्षं लागतील हे कुणी सांगू शकत नाही. जाहिरात वाईट म्हणून मी हे सांगत नाही. हजारावर मोजलेली जाहिरात हा लाखांत ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचा धंदा आहे, एवढंच.

डाउनलोड या आकड्याबद्दलही थोडं सांगते, कारण सुरुवातीला मी त्याच्यामागे फार झोप घालवली. आयएबी टेक लॅब या संस्थेने ठरवलेल्या नियमांप्रमाणे निदान एक मिनिटाचा ऑडिओ उतरला तर तो एक डाउनलोड, आणि त्याच ठिकाणाहून त्याच ॲपने २४ तासांत पुन्हा मागितला तर वेगळा धरायचा नाही. उतरलेला भाग कुणी ऐकला का, याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनसाठी आयओएस १७ आलं आणि ॲपलच्या पॉडकास्ट ॲपने आपोआप भाग उतरवून ठेवण्याची पद्धत बदलली. जे श्रोते बरेच दिवस फिरकले नव्हते त्यांच्या फोनवर भाग उतरायचे थांबले. बऱ्याच कार्यक्रमांचे आकडे तेव्हा घसरले. माझाही जवळपास पाचवा हिस्सा गेला. पण श्रोत्यांची पत्रं तेवढीच येत राहिली, दरमहा पैसे देणारा सभासद एकही कमी झाला नाही. म्हणजे जो आकडा गेला तो मुळात माणसांचा नव्हताच.

त्याऐवजी एक दुसरा आकडा पाहा. ॲपल आणि स्पॉटिफाय दोघंही तुम्हाला आपापल्या डॅशबोर्डवर दाखवतात की भाग सुरू केलेल्यांपैकी कितीजण कुठपर्यंत टिकले. ३०० पैकी १८० जण शेवटपर्यंत थांबत असतील, तर तुमच्याकडे १८० माणसं आहेत जी प्रत्येक भागाला अर्धा-पाऊण तास तुमच्याशेजारी बसतात. १८० माणसं एका सभागृहात बसलेली डोळ्यांसमोर आणा. ही काही थोडी माणसं नव्हेत.

पॉडकास्टमधून मिळणारा पैसा वेगळा आणि पॉडकास्टमुळे मिळणारा पैसा वेगळा. भागात जाहिरात घातली, भाग पैसे देऊन ऐकायला लावला, तर तो पैसा पॉडकास्टमधून आला. तुमचं बोलणं ऐकून कुणी तुमच्याकडे शिकायला आलं, सल्ला मागायला आलं, काम घेऊन आलं, तर तो पॉडकास्टमुळे आला. पहिल्या वाटेला संख्या लागते. दुसरीला विश्वास पुरतो, आणि तो ३०० माणसांतही असतो. लहान पॉडकास्टने दुसऱ्या वाटेने सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

माझे पहिले पैसे तर मी पॉडकास्टचा भागही न विकता मिळवले. दहाव्या-बाराव्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, तुमचा आवाज इतका स्वच्छ कसा येतो, आमच्या संस्थेचं रेकॉर्डिंग नीट करून द्याल का? मी दिलं. मग आणखी दोन संस्था आल्या. तुम्ही २६ भाग केलेत, म्हणजे रेकॉर्डिंग, संपादन, पाहुण्याला बोलतं करणं, वेळेवर भाग चढवणं हे तुम्हाला येतं. कितीतरी कंपन्यांना, शिक्षणसंस्थांना, डॉक्टरांना, लेखकांना स्वतःचा पॉडकास्ट हवा असतो आणि त्यातलं काहीच येत नसतं. भागामागे ठरावीक रक्कम सांगून हे काम घेता येतं. तुमचे २६ भाग हाच तुमचा नमुना. मला वाटतं नोकरी सांभाळून करण्यासारखी ही सगळ्यात जवळची कमाई आहे, आणि लोक नेमकी हीच विसरतात.

त्यानंतर मी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे श्रोत्यांना विचारणं. एका भागाच्या सुरुवातीलाच पाच प्रश्नांच्या फॉर्मबद्दल सांगितलं. ६१ जणांनी भरला. तो माझ्यासाठी डोळे उघडणारा कागद होता. मला वाटायचं लोक प्रवासात ऐकतात. बहुतेकजण रात्री, घरातला आजारी माणूस झोपल्यावर ऐकत होते. एक प्रश्न असा होता: ‘या अडचणीसाठी गेल्या तीन महिन्यांत तुम्ही कशावर पैसे खर्च केले?’ तुम्ही काय विकत घ्याल, असं विचारू नका. त्याला लोक सौजन्याने हो म्हणतात. आधीच केलेला खर्च विचारला की खरं उत्तर येतं. लोकांनी लिहिलं: रात्रीची मदतनीस, दाराची वेगळी कुलपं, एका तज्ज्ञाची वीस मिनिटांची भेट, ज्यातून काहीच हाती लागलं नाही. शेवटचं उत्तर सतरा जणांचं होतं. निदान झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत घरात काय काय बदलायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

त्यातून सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग तयार झाला. आठवड्याला एक सत्र, १५ कुटुंबं, सोबत एक परिचारिका, जिला मी तिचं ठरलेलं मानधन आधी देते. वर्षातून चार वेळा घेते. माझी निम्म्याहून जास्त कमाई या वर्गाची आहे. पॉडकास्टवर मी काहीच राखून ठेवत नाही, जे वर्गात सांगते ते भागांतही विखुरलेलं सापडेल. लोक पैसे देतात ते क्रमाने सांगण्यासाठी, प्रश्न विचारता यावेत म्हणून, आणि आपल्यासारखी आणखी चौदा घरं समोर दिसावीत म्हणून. तुमचा विषय कोणताही असो, इतिहास असो, शेअर बाजार असो, बागकाम असो, त्यात असा एक टप्पा असतोच जिथे माणूस अडतो आणि सोबत मागतो. तो टप्पा शोधायचा. पुस्तिका, वर्ग, वैयक्तिक सल्ला, हे सगळं त्यानंतर ठरतं. उलट क्रमाने केलं तर फसतं. सर्वेक्षणाच्या आधी मी घाईने एक ई-पुस्तक काढलं होतं, मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या विषयावर. नऊ प्रती गेल्या.

आता सभासदत्वाबद्दल. दरमहा थोडी रक्कम देऊन श्रोते कार्यक्रमाला हातभार लावतात, ही पद्धत पॅट्रिऑन या संकेतस्थळाने २०१३ पासून रुळवली. तिथे आता नव्याने येणाऱ्यांकडून १० टक्के घेतात, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. ॲपलनेही २०२१ मध्ये सशुल्क वर्गणी सुरू केली. त्यात पहिल्या वर्षी वर्गणीतले ३० टक्के ॲपलचे, वर्गणीदार वर्षभर टिकला की पुढे १५ टक्के, आणि ॲपलच्या त्या योजनेत सामील होण्याची वार्षिक फी वेगळी. टक्क्यांपेक्षा मला एक गोष्ट जास्त खटकते: ॲपलवर कोण वर्गणीदार आहे हे तुम्हाला कळत नाही, त्यांचा ईमेल मिळत नाही. ज्याने पैसे दिले त्याला साधं आभाराचं पत्र लिहिता येऊ नये, हे मला चालत नाही. म्हणून मी ती वाट घेतली नाही.

माझ्याकडे शंभर नियमित श्रोत्यांत दोन-तीन सभासद होतात. तुमच्या ३०० वर तेवढेच धरा, म्हणजे सात-आठ. रक्कम छोटी वाटेल, पण होस्टिंगचा, म्हणजे भाग इंटरनेटवर साठवून ॲपपर्यंत पोचवणाऱ्या सेवेचा, खर्च निघेल, आणि आपला कार्यक्रम कुणाला तरी पैसे देण्याइतका हवा आहे हे कळणं त्या टप्प्यावर फार मोलाचं असतं. फक्त एक काळजी घ्या. सभासदांना काय द्याल याचं वचन जपून द्या. मी पहिल्या वर्षी दर आठवड्याला एक जादा भाग कबूल केला होता. चार महिन्यांत मी इतकी थकले की मूळ भागच लांबायला लागले. शेवटी सभासदांनाच विचारलं. जादा भाग बहुतेकांनी ऐकलेच नव्हते, त्यांना ऐकायला वेळच नव्हता. त्यांना हवी होती महिन्यातून एकदा तासभर एकत्र बोलायची जागा. आता तेवढंच ठेवलंय, आणि लोक सोडून जात नाहीत.

पैसे मागायचा संकोच तुम्हालाही वाटेल. मला दीड वर्ष वाटला. आपण चांगलं काम करत राहावं, लोक आपणहून देतील, असं वाटत होतं. लोकांच्या मनातच येत नाही हो, कारण त्यांना ठाऊकच नसतं की यामागे खर्च आहे. ज्या दिवशी मी स्पष्ट सांगितलं, ‘होस्टिंगला इतके लागतात, संपादनाला इतके, आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी मला प्रत्येक भागाचा लिखित मजकूर करायचाय, त्याला इतके,’ त्या आठवड्यात वर्षभरात झाले नव्हते तेवढे सभासद झाले. भागाच्या शेवटी मागू नका, तोवर निम्मे गेलेले असतात. सुरुवातीच्या पाच मिनिटांत, अर्ध्या मिनिटात, नेमकं कशासाठी ते सांगून मागा. ॲडम करी आणि जॉन सी. ड्वोरॅक यांचा ‘नो अजेंडा’ हा पॉडकास्ट २००७ पासून एकही जाहिरात न घेता श्रोत्यांच्या देणग्यांवर चाललाय. त्यांची विनंती साधी असते: यातून तुम्हाला जे मोल मिळालं असेल तेवढं परत करा.

प्रायोजकांकडे मी सगळ्यात शेवटी वळले. लहान पॉडकास्टने हजारी दराच्या भानगडीत पडूच नये. तुमच्या विषयाशी थेट नातं असलेला एक लहान व्यवसाय शोधा आणि तीन महिन्यांचे ठरावीक पैसे मागा. त्यांच्यासाठी ३०० हा आकडा लहान नसतो, कारण ते ३०० त्यांचेच ग्राहक असतात. काळजीवाहकांसाठी पलंग आणि आधाराच्या काठ्या बनवणाऱ्या एका कारागिराने पहिल्यांदा माझे सहा भाग प्रायोजित केले. त्याला मी एक पानाचं पत्र पाठवलं होतं: श्रोते कोण आहेत, भाग आल्यापासून ३० दिवसांत किती डाउनलोड होतात, शेवटपर्यंत किती टिकतात, आणि तीन श्रोत्यांच्या पत्रांतले उतारे, त्यांची परवानगी घेऊन. त्याने आकड्यांवर एकही प्रश्न विचारला नाही, पत्रं मात्र दोनदा वाचली.

जाहिरात कायमची भागात शिवून टाकायची की होस्टिंग सेवेकडून ऐनवेळी घालायची, हा निर्णय आधी घ्या. शिवलेली जाहिरात पाच वर्षांनी भाग ऐकणाऱ्यालाही ऐकू येते, तोवर ते उत्पादन बंदही झालेलं असू शकतं. ऐनवेळी घातलेली जाहिरात जुन्या भागांतही बदलता येते. माझे चाळीस टक्के डाउनलोड जुन्या भागांचे आहेत, कारण आजाराचे प्रश्न शिळे होत नाहीत. तुमचा विषय तसा असेल तर प्रायोजकाला नवा भाग विकण्यापेक्षा सगळे २६ भाग मिळून एक महिना विकता येतो.

करार मात्र लेखी करा. एका एजन्सीने माझ्या सहा भागांत जाहिराती लावल्या आणि पैसे द्यायला सात महिने लावले. रोज फोन, रोज नवं कारण. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी, उरलेली भाग आल्यापासून ३० दिवसांत, हे लिहून घेते. जाहिरात किती वेळा पुन्हा रेकॉर्ड करून मागता येईल, किती महिने राहील, त्या काळात दुसऱ्या स्पर्धक कंपनीची घेता येईल का, हेही. आणि भागात स्पष्ट सांगा की हे पैसे घेऊन बोलतेय. अनेक देशांत तो कायदाच आहे, पण कायदा नसता तरी मी सांगितलं असतं. पैसे घेऊन पाहुणा बोलवणारेही बरेच आहेत. ते श्रोत्यांपासून लपवणं मला फसवणूक वाटते.

एकदा स्मरणशक्ती परत आणणारी पावडर विकणाऱ्यांनी मला त्या वर्षीच्या एकूण कमाईएवढी रक्कम देऊ केली. घरात पैशांची अडचण होती. मी दोन दिवस विचार केला, हे कबूल करते. मग ते रात्री ऐकणारे लोक आठवले. थकलेला, घाबरलेला माणूस माझ्या आवाजावर विश्वास ठेवून ती पावडर घेणार आणि आईला चमच्याने भरवत आशेवर बसणार. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी वर्गाला जी कुटुंबं आली त्यांतल्या कितीतरी जणांनी सांगितलं की तुम्ही काही विकायला बघत नाही म्हणून आलो.

बाकीच्या वाटा थोडक्यात. दुव्यावरून खरेदी झाली की कमिशन, ही पद्धत तुम्ही वस्तूंची परीक्षणं करत असाल तरच चालते. मला त्यातून वर्षाला माइकचं फोमही आलं नसतं. टी-शर्ट, कप वगैरे छापण्याआधी कुणीतरी मागू दे. प्रत्यक्ष कार्यक्रम कथा सांगणाऱ्या पॉडकास्टांना छान जमतात. २०१२ साली सुरू झालेला ‘वेलकम टू नाइट व्हेल’ मोफत ऐकायला मिळतो आणि त्यांचे रंगमंचावरचे दौरे तिकीट लावून होतात. यूट्यूबवर भाग टाकत असाल तर तिथल्या जाहिरातींतला हिस्सा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं. मग लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के तुमचे. शोधात सापडण्यासाठी यूट्यूब उत्तम, पण तिथल्या पैशांवर पुढच्या वर्षाचं गणित बांधू नका. आणि तुमच्या भागांत कुठे सिनेमाची गाणी वापरली असतील तर ती आत्ताच काढा. हक्क नसलेलं संगीत असलेला भाग कुठलाही शहाणा प्रायोजक घेत नाही.

एक काम मात्र आजच करा. फीड, म्हणजे ज्या दुव्यावरून सगळी ॲप्स तुमचे भाग उचलतात तो, तुमच्या नावावर आहे का आणि दुसऱ्या होस्टिंगकडे हलवता येतो का ते तपासा, आणि श्रोत्यांचे ईमेल गोळा करायला लागा. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा तिथले माझे श्रोते कुठे गेले ते मला कळलंच नाही. ज्यांचे ईमेल माझ्याकडे होते त्यांना मी एक पत्र लिहिलं, दुसऱ्या ॲपवर कसं ऐकायचं ते पायरीपायरीने सांगितलं, आणि त्यातले बहुतेक परत आले.

तुम्ही पॉडकास्टचा विषय लिहिला नाहीत, त्यामुळे यातली कोणती वाट तुमची हे मला इथून ठरवता येत नाही. २७ वा भाग अजून रेकॉर्ड केला नसेल तर त्याच्या सुरुवातीलाच श्रोत्यांना तो एक प्रश्न विचारा, गेल्या तीन महिन्यांत या विषयावर कशासाठी खर्च केला. वीस उत्तरं आली तरी पुरे. ती आली की विषयासकट इथे लिहा, मी वाचून पुढचं सांगते.